कोलामीची भावकी

सेतुमाधवराव पगडी हे नाव मराठी वाचकाला ठाऊक असतं ते इतिहासकार म्हणून. शिवकाल, मोगल-मराठा संघर्ष, फारसी साधनांची मराठी भाषांतरं, राज्याच्या गॅझेटिअरचं संपादन, १९९२ चं पद्मभूषण. पण २७ ऑगस्ट १९१० रोजी आपल्या निलंग्यात जन्मलेल्या या माणसाने १९५० साली हैदराबादेत कोलामी भाषेचं एक व्याकरण इंग्रजीतून प्रसिद्ध केलं आणि १९५४ साली गोंडीचं, ही गोष्ट इतिहासाच्या वाचकांच्या सहसा कानावर येत नाही. भाषाशास्त्राच्या जगात मात्र उलटं आहे. तिथे पगडी ओळखले जातात ते मुख्यतः कोलामीमुळे, शिवचरित्रामुळे नव्हे. बरो आणि एमेनो या दोघांनी तयार केलेला द्राविडी भाषांचा मोठा व्युत्पत्तिकोश (पहिली आवृत्ती १९६१, दुसरी १९८४) उघडला की कोलामी शब्दांपुढे कंसात इंग्रजी एस-आर अशी दोन अक्षरं पुन्हा पुन्हा भेटतात. ती सेतुमाधवरावांची. आणि त्याच कोशात कोलामीच्या आणखी एका बोलीची वेगळी खूण आहे: किनवट.

निलंगा आणि किनवट ही आज मराठवाड्याची दोन टोकं. १९५६ पूर्वी दोन्ही हैदराबाद राज्यात होती, पण मराठवाड्याच्या हिशेबात नव्हती. निलंगा बीदर जिल्ह्यात होतं, किनवट आदिलाबादेत. भाषावार प्रांतरचना झाली आणि दोन्ही इकडे आली. ज्या गावात सकाळी बाजारात कानडी कानावर पडते, कचेरीत उर्दू आणि घरी मराठी, तिथल्या मुलाला पुढे नोकरीत आदिलाबादच्या डोंगरात नवीन भाषा ऐकून ती कुठल्या जातकुळीची हे ओळखण्याची खोड लागली असेल तर त्यात नवल नाही. १९४० साली कुमराम भीम यांच्या उठावानंतर निजाम सरकारला तिथल्या आदिवासींकडे लक्ष द्यावं लागलं. ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञ फ्युरर-हायमेनडॉर्फ यांच्या सल्ल्याने गोंडी मुलांसाठी शाळा निघाल्या, मारलवाईला शिक्षक घडवण्याचं केंद्र झालं, देवनागरीत गोंडी वाचनमाला छापली गेली. पगडी या कामातले सरकारी अधिकारी होते. त्या काळात अधिकाऱ्याने लोकांची भाषा शिकणं नवीन नव्हतं. तिचं व्याकरण लिहून ठेवणं विरळा होतं.

कोलाम लोक यवतमाळ, नांदेडचा किनवट-माहूर भाग, वर्धा, चंद्रपूर आणि तेलंगणातला आदिलाबाद या सलग डोंगराळ पट्ट्यात राहतात. त्यांच्या वस्तीला पोड म्हणतात. कातकरी आणि माडिया गोंडांबरोबर महाराष्ट्रातल्या ज्या तीन जमातींना सरकारने अतिअसुरक्षित ठरवलं आहे, त्यांत कोलाम आहेत. २०११ च्या जनगणनेत देशभरात सुमारे १ लाख २८ हजार लोकांनी आपली मातृभाषा कोलामी सांगितली. नुसत्या महाराष्ट्रातले कोलाम मोजले तरी ते याहून जास्त भरतात. म्हणजे जमात आणि भाषा यांच्या सीमा जुळत नाहीत, पुष्कळांच्या घरात आता मराठी किंवा तेलुगू आहे.

आता प्रश्न असा, की ही भाषा कोणाची कोण? कोलाम गोंडांच्या शेजारी राहतात. गोंडांच्या कित्येक गावांत स्थानिक देवांची पूजा कोलाम करतो, त्यामुळे गोंड त्यांना पुजारीच म्हणतात. तेलुगू शेजारी त्यांना मन्नेवार म्हणतात. नावावरून कुणी त्यांना कोळ्यांशी जोडतो, कुणी छोटा नागपूरच्या कोलांशी. यातलं कुठलंच नातं भाषेला लागू नाही. आणि साध्या सरकारी समजुतीत तर कोलामी म्हणजे गोंडीचीच एक मोडकी बोली असं धरून चालण्याची जुनी सवय आहे.

नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी मध्य प्रांतातल्या आदिवासींवर जमवलेले कागद त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापले गेले. त्यांत इकडच्या बोलींच्या शब्दयाद्या होत्या. नंतर १९०६ साली ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा चौथा खंड आला, मुंडा आणि द्राविडी भाषांचा. तो स्टेन कोनॉव या नॉर्वेच्या विद्वानाने तयार केला होता. कोनॉवने एक गंमतशीर पण महत्त्वाची गोष्ट नोंदवली. तेव्हाच्या वाशीम जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातून भिली म्हणून आलेला नमुना त्याने तपासला, तर ती भिली नव्हतीच. गुजरातीच्या नात्यातली खरी भिली कुठे आणि ही कुठे. ही सरळ कोलामीला लागून असलेली द्राविडी बोली निघाली. लोकांचं नाव भिल्ल होतं, तोंडात कोलामी होती. कोलामी गोंडीहून वेगळी आहे हेही त्याने ओळखलं. काही बाबतीत ती तेलुगूशी जुळते, काही बाबतीत कानडीशी, आणि काही लकबी थेट निलगिरीतल्या तोडांच्या भाषेसारख्या आहेत, असं त्याचं म्हणणं. थोडक्यात, तिला घर सापडलं नव्हतं.

घर सापडायचं तर आधी एक खूणगाठ बांधावी लागते. दोन भाषांत किती शब्द सारखे आहेत हे मोजून नातं ठरत नाही. लग्नकार्यात मांडवात वावरणारे सगळेच भावकीतले नसतात, शेजारीही तितक्याच हक्काने पंगतीला बसलेले असतात. मराठीत फारसी आणि कानडी शब्द हजारोंनी आहेत. म्हणून मराठी फारसीची मुलगी होत नाही. नातं ठरतं ते ध्वनी कोणत्या नियमाने बदलत गेले यावरून. त्यातही एक बारकावा आहे, आणि माझ्या मते सगळा लेख त्याच्यावर उभा आहे: दोन भाषांनी जुनं काय जपलं हा नात्याचा पुरावा नव्हे. दोघींनी मिळून नवीन काय केलं, हा पुरावा.

आपल्या भागातल्या वाचकाला हे पडताळून पाहणं सोपं आहे, कारण कानडी आणि तेलुगू दोन्ही हाकेच्या अंतरावर आहेत. दुधाला तेलुगूत पालु म्हणतात, तमिळमध्ये पाल, कोलामीतही पाल. औराद शहाजानीहून पलीकडे गेलात की ते हालु होतं. वाघाला तेलुगूत पुलि, कोलामीत पुल, कानडीत हुलि. जुन्या कानडीतही इथे प होता. साधारण दहाव्या शतकापासून पुढच्या तीन-चारशे वर्षांत शब्दाच्या सुरुवातीचा प कानडीने ह केला. तो तिने एकटीने केलेला बदल. कोलामी त्यात सामील नाही.

आता तेलुगूची पाळी. कान म्हणजे कानडीत किवि, कोलामीत केव, तेलुगूत चेवि. हात म्हणजे कानडीत कै, कोलामीत केय, तेलुगूत चेयि. विस्तव कानडीत किच्चु, कोलामीत किस, तेलुगूत चिच्चु. तीन शब्द, तिन्हींत एकच चाल: इ-ए सारख्या स्वराआधीचा क तेलुगूने च केला. एखादा शब्द असा निघाला असता तर योगायोग म्हणून सोडून देता आला असता. एकाच जागी, एकाच परिस्थितीत, नेमाने होणारा बदल योगायोगाने होत नाही. कोलामीने तोही केलेला नाही. तेव्हा कोलामी ही डोंगरात राहून बिघडलेली तेलुगू, हा समज इथे संपतो.

उरली गोंडी. गोंडीतही विस्तवाला किस म्हणतात आणि दुधाला पाल, त्यामुळे वरच्या दोन कसोट्यांवर गोंडी आणि कोलामी एकाच बाजूला दिसतात. इथेच ‘जपलेलं जुनं’ फसवतं. दोघींनी जुना क आणि प सांभाळला, एवढंच त्यातून कळतं. वेगळी कसोटी लावावी लागते, ती दोन या आकड्याची. कानडीत एरडु, तमिळमध्ये इरण्डु, म्हणजे सुरुवातीला स्वर. तेलुगूत रेंडु, गोंडीत रंड. इथे सुरुवातीचा स्वर सरकून आत गेला आहे. ‘ते’ या सर्वनामातही तेलुगूने हेच केलं, कानडीचं अवरु तिकडे वारु झालं. शब्दाच्या तोंडचा स्वर असा आत ढकलण्याची खोड तेलुगू, गोंडी, कुई आणि त्यांच्या बहिणी यांच्यात आहे, आणि याच्यासह आणखी काही पुराव्यांवर भद्रिराजू कृष्णमूर्तींनी या भाषांचा दक्षिण-मध्य असा गट मांडला. कोलामीत दोन वस्तूंना इंदिंग म्हणतात, आणि ‘ते पुरुष’ म्हणजे अव्र. स्वर जागच्या जागी आहे. शेजारच्या घरातली गोंडी तेलुगूच्या भावकीत निघते आणि कोलामी मात्र त्या भावकीबाहेर राहते, असा हा उलटा प्रकार.

मग तिची स्वतःची भावकी कोणती? इथे माणसं मोजण्याची रीत कामी येते, आणि ती समजून घ्यायला मराठी माणसाला कुठल्याही विद्वानाची गरज नाही. आपण दोन पुस्तकं म्हणतो, पण दोघे भाऊ आणि दोघी बहिणी. तिघे, तिघी. हिंदीवाल्याला हे समजावताना तारांबळ उडते. कोलामीत दोन वस्तू इंदिंग, दोन पुरुष इद्दर आणि दोन बायका ईरल. तीन बायका मुयल. आता पाहा: बस्तरमध्ये धुरवा लोक बोलतात त्या परजी भाषेत दोन बायकांना इरल म्हणतात आणि तीन बायकांना मुयल. ओडिशा-आंध्रच्या सीमेवरच्या द्राविडी गदबा बोलींतही हीच रूपं आहेत. बायका मोजण्यासाठी अल हा वेगळा शेवट लावण्याची ही तऱ्हा तेलुगूत नाही, गोंडीत नाही. हे जपलेलं जुनं नव्हे, या बहिणींनी मिळून केलेलं नवं आहे. टी. बरो आणि सुधिभूषण भट्टाचार्य यांनी १९५३ साली परजीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. मरे एमेनो हा कॅनडात जन्मलेला भाषाशास्त्रज्ञ १९३५ ते १९३८ या काळात भारतात फिरला होता. तोडा, कोता, कोडगू यांच्या जोडीने त्याने वर्धा जिल्ह्यातली कोलामीही टिपून घेतली होती. त्याचं कोलामीवरचं पुस्तक १९५५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाने काढलं. त्यात वर्ध्याची त्याची सामग्री, आदिलाबादची पगडींची सामग्री आणि परजी-गदबा शेजारी ठेवून त्याने दाखवलं की कोलामी, नाईकी, परजी आणि गदबा ही एकाच कुळातली वेगळी शाखा आहे. तिला आज मध्य द्राविडी म्हणतात.

पुरुष मोजण्याची रूपं मात्र वेगळी कथा सांगतात. कोलामीचे इद्दर आणि मुग्गुर पाहा आणि तेलुगूचे इद्दरु आणि मुग्गुरु. परजीत दोन पुरुषांना इरुल म्हणतात, म्हणजे तिथे इरुल-इरल अशी जोडी शाबूत आहे. कोलामीने पुरुषांसाठी तेलुगूचा शब्द घेतला आणि बायकांसाठी आपला जुना ठेवला. असं का झालं असेल याचा अंदाज बांधायचा मोह होतो. बाजारात, मजुरीच्या हिशेबात, गावच्या पाटलासमोर मोजले जात ते बापे. घरातल्या बायका घरच्याच भाषेत मोजल्या गेल्या. हा अंदाज आहे, पुरावा नव्हे, पण मला तो पटतो. पाचपासून पुढचे आकडेही असेच बाहेरून आले आहेत. मूंदिंग म्हणजे तीन, नालिंग म्हणजे चार, इथवर कोलामी आपली. त्यानंतर ऐद, आर, एड, एनुमदी, तोम्दी, पदी: सगळं तेलुगू. हे वर्ध्याकडच्या कोलामीतही आहे, जिथे आसपास तेलुगू गाव नाही. म्हणजे हा व्यवहार आजकालचा नाही, भाषा उत्तरेकडे पसरण्याआधीपासूनचा किंवा फार लांबच्या काळाचा असणार.

लिंगव्यवस्थेचा थोडा उल्लेख करायला हवा. कानडीत अवनु, अवळु, अदु अशी तो, ती, ते यांची तीन घरं आहेत, मराठीसारखीच. कोलामीत दोनच: पुरुष एकीकडे, बाकी सगळं दुसरीकडे. ‘ती बाई’ आणि ‘ती गाय’ आणि ‘ते झाड’ यांना एकच सर्वनाम. तेलुगूतही एकवचनात असंच आहे, पण अनेकवचनात तेलुगू बायकांना माणसांच्या रांगेत आणते. कोलामी तिथेही आणत नाही. गोंडीही आणत नाही. हे साम्य बघून पुन्हा कोलामी-गोंडी एक करू नये; बऱ्याच अभ्यासकांच्या मते ही द्राविडीतली जुनीच पद्धत आहे, आणि जुन्याने नातं ठरत नाही हे आधी आलंच आहे. बायकांना व्याकरणात गाईगुरांबरोबर बसवणारी भाषा मोजताना मात्र त्यांच्यासाठी खास वेगळा आकडा घडवते, ही विसंगती व्याकरणालाच शोभते.

जगात असे प्रश्न छोट्या भाषांबाबतच जास्त पडतात. सुमात्राच्या नैर्ऋत्येला समुद्रात एंगानो नावाचं बेट आहे. तिथली भाषा दीड-दोन हजार लोकांची. भोवतालच्या सगळ्या भाषा ऑस्ट्रोनेशियन, म्हणजे मादागास्करपासून पूर्वेच्या ईस्टर बेटापर्यंत पसरलेल्या बाराशेच्या घरातल्या भाषांचं कुळ. एंगानोत मात्र ओळखीचे शब्द इतके थोडे, की काही जाणत्यांनी ती मुळात ऑस्ट्रोनेशियनच नसावी अशी शंका काढली. २०१५ साली ओवेन एडवर्ड्सने उरलेल्या थोड्या शब्दांतले ध्वनिबदल नेमाने लावून दाखवले, आणि ती त्याच कुळातली ठरली. मोजदाद करून भाषा बाहेर गेली होती, नियम लावल्यावर आत आली. कोलामीचं उलटं: शब्द मोजले तर ती तेलुगू-गोंडीची वाटते, नियम लावले की त्यांच्यातून बाहेर पडते. तिसरं उदाहरण तर आपल्याच राज्यात आहे. बुलढाण्याच्या जळगाव जामोद भागात निहाली बोलतात. ग्रियर्सनच्या सर्वेक्षणाने तिला कोरकूच्या रांगेत बसवलं होतं, कारण कोरकूचे शब्द भरपूर. ते सोलून काढले, मराठी आणि द्राविडी शब्दही काढले, तरी एक गाभा उरतो आणि तो कुठल्याच ज्ञात कुळाशी जुळत नाही. निहालीला भावकीच नाही.

एमेनोने कोलामीचं पुस्तक काढल्यावर पुढच्याच वर्षी, १९५६ मध्ये, आपला गाजलेला निबंध लिहिला: भारतातल्या वेगवेगळ्या कुळांच्या भाषांनी शेजारामुळे एकमेकींच्या सवयी कशा उचलल्या यावर. कुळ शोधण्यात आयुष्य घालवणाऱ्याने शेजाराचं महत्त्व सांगावं, यात विरोध नाही. शेजाराने काय दिलं हे वेगळं काढता आलं तरच कुळाचा गाभा हाती लागतो. मराठीतला आम्ही आणि आपण हा भेदही, म्हणजे ऐकणाऱ्याला सोडून आणि धरून, द्राविडी शेजाराचा परिणाम मानला जातो. कोलामीतही तो भेद आहे. गंमत म्हणजे आजच्या कानडीने तो टाकून दिला आहे.

या शाखेतली कोडी अजून बाकी आहेत. नाईकी हे नाव दोन बोलींना लावलं जातं. यवतमाळकडची नाईकडी ही कोलामीचीच जवळची बोली, तर चंद्रपूरची नाईकी ही वेगळी भाषा. भट्टाचार्यांनी १९६१ साली तिच्यावर लिहिलं तेव्हा हा फरक नीट पुढे आला. त्याहून मोठं कोडं भूगोलाचं. किनवटपासून जगदलपूर सरळ रेषेत चारशे किलोमीटर. कोलामीची सख्खी बहीण परजी तिकडे, आणि मधला बहुतेक सगळा मुलूख गोंडीचा. एकच शाखा या दोन टोकांना असेल तर कधीकाळी मधली जागाही तिचीच असणार, आणि गोंडी तिथे नंतर पसरली असणार. गोंडांच्या गावातल्या स्थानिक देवांची पूजा कोलामांनी करायची ही रीतही त्या तर्काला बळ देते: नव्याने येणारे लोक जमिनीचे देव सांभाळण्याचं काम बहुधा आधीपासून तिथे असलेल्यांकडे सोपवतात. हायमेनडॉर्फने गोंडांमध्ये राहून हे पूजेचं नातं तपशिलाने टिपलं, एमेनो आणि बरो यांनी ध्वनींचं. दोन्ही वह्या शेजारी ठेवून वाचण्याचं काम नांदेड-यवतमाळच्या एखाद्या विद्यार्थ्याने हाती घ्यावं. किनवटच्या पोडात म्हातारी माणसं अजून कोलामीत बोलतात, आणि पगडींनी केलेल्या व्याकरणाला आता पाऊणशे वर्षं झाली.